सॅम्पल आणलंय का?

ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकतं आणि म्हणतं, "एक रिले द्या." कसला हो? "काळा. चौकोनी. चार पाय आहेत." दुकानदार मान वर न करता विचारतो, "सॅम्पल आणलंय का?" त्यावर गिऱ्हाईक, त्यातही मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतः रिले उपटलेला असेल तर जरा अभिमानानंच, सांगतं, "जळाला होता. टाकून दिला."

झाली पंचाईत. बाजारातले बहुतेक रिले काळे, चौकोनी आणि चार पायांचेच असतात. उरलेले काळे, चौकोनी आणि पाच पायांचे. नव्या गाडीचं ठीक आहे, चॅसी नंबर टाकला की कंपनीचा कॉम्प्युटर पार्ट नंबर ओकतो. पण देवूची सिएलो, ओपेलची अ‍ॅस्ट्रा, हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा? गाड्या अजून कुणाकुणाच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या आहेत, शोरूमच्या जागी मात्र केव्हाच दुसरं दुकान आलंय. अशा गाडीचा जो काही लेखी पुरावा उरतो तो त्या जळक्या डबीच्या अंगावर: बनवणाऱ्याचा नंबर, व्होल्ट, अँपिअर आणि आतली जोडणी दाखवणारी नखाएवढी आकृती. गाडीचं नाव चुकीचं सांगितलंत तरी चालेल, पण डबी दाखवा.

माझी उमेदवारी कुर्ल्यात गेली, दुकान पुढे पुण्यात टाकलं. कुर्ल्याचे आमचे उस्ताद शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण रिलेच्या पाठीवरची आकृती ते जन्मपत्रिका वाचावी तशी वाचायचे. पोरांना त्यांचं सांगणं एवढंच असायचं: डब्बे की शकल मत देख, उसका काम देख.

काम तसं सोपं आहे. हेडलाइटचं घ्या. दोन बल्ब ५५ वॉटचे, म्हणजे ११० वॉट, म्हणजे बारा व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर करंट. जुन्या मारुती ८०० मध्ये हा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या चिमुकल्या स्विचमधून जायचा. त्यात मालकाला हौस आली आणि त्यानं शंभर-शंभर वॉटचे बल्ब टाकले की तोच करंट साडेसोळा अँपिअरच्या पुढे. मग स्विच वितळायचा, केबिनमध्ये जळक्या प्लॅस्टिकचा वास भरायचा, आणि गाडी आमच्याकडे. रिले मधे टाकला की स्विचला फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट वाहावा लागतो. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ८० ते १०० ओहम, म्हणजे करंट दीड दशांश अँपिअरच्या आसपास. तेवढ्यावर कॉइलचं चुंबक होतं, लोखंडी पट्टी खटकन ओढली जाते, पॉइंट जुळतात आणि बॅटरीचा दांडगा करंट थेट बल्बला जातो.

पायांचे आकडे जर्मनांनी ठरवून दिलेत, डिन ७२५५२ नावाच्या मानकात. ३० म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. ८७ म्हणजे रिले ओढल्यावर जिथं करंट येतो ते टोक. आणि ८७ए म्हणजे रिले झोपलेला असताना जिथं करंट असतो ते. गाडी युरोपातल्या घराण्याची असेल तर हे आकडे पायांच्या मुळाशी कोरलेले सापडतात. जपानी घराण्याच्या गाड्यांत डेन्सो, ओमरॉन, मित्सुबा यांचे रिले. त्यांच्यावर कधी १, २, ३, ४, कधी नुसती आकृती, कधी तीही पुसलेली. मग मीटर काढायचा. ज्या दोन पायांमध्ये ऐंशी-नव्वद ओहम दिसतात ती कॉइल, बाकीचे पॉइंट. ओळख पटवायला एवढं पुरतं. घोटाळा होतो तो पाचव्या पायाशी.

त्याचा एक किस्सा सांगायलाच हवा. आमच्या भागातल्या एका सोसायटीतले गृहस्थ, बँकेतून निवृत्त, गाडीवर पोटच्या पोरासारखा जीव. फॉगलॅम्पचा रिले गेला म्हणून त्यांनी स्वतःच नवा आणून बसवला. जुना पाच पायांचा, नवा पाच पायांचा, सॉकेटात टक्क बसला. दिवसाउजेडी काही कळलं नाही. रात्री अकराला वॉचमननं बेल वाजवली, "साहेब, गाडीचा एक डोळा उघडा राहिलाय." खाली येऊन बघतात तर डावीकडचा फॉगलॅम्प जळतोय, किल्ली खिशात. त्यांनी स्विच दाबला. डावा विझला आणि उजवा लागला. स्विच बंद केला, उजवा विझला, डावा लागला. बॅटरीची वायर काढून ते झोपायला गेले. सकाळी नवा स्विच आणला. तेच. मग कुणीतरी सांगितलं, अर्थ लूज असणार. तो घासूनपुसून घट्ट केला. तेच.

माझ्याकडे आले तेव्हा सुदैवानं जुना रिले त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. दोन्ही डब्या काउंटरवर शेजारी ठेवल्या. रंग तोच, माप तेच, पाच पाय, पायांची मांडणी तीच. जुन्याच्या आकृतीत पट्टी ओढली गेली की दोन टोकांना मिळून करंट जातो, दोघांवरही ८७ लिहिलेलं. एक डाव्या दिव्याचं, एक उजव्या. नव्याच्या आकृतीत मधला पाय ८७ए. म्हणजे रिले झोपलेला असताना बॅटरीचा करंट थेट मधल्या पायाला, आणि या गाडीत मधल्या पायावर डावा दिवा. रिलेनं आपलं काम चोख केलं होतं. काकांनी भिंग लावून दोन्ही आकृत्या कितीतरी वेळ न्याहाळल्या आणि म्हणाले, "एवढ्याशा 'ए'नं माझा स्विचचा खर्च केला होय!" नवा स्विच दुकानदारानं परत घेतला नाही, ते वेगळंच दुःख.

ज्यांना पाठांतर आवडतं त्यांच्यासाठी: बॉशच्या रिलेचा नंबर ०३३२ नं सुरू होतो. चार पायांचा साधा ०३३२ ०१९ १५०, पाच पायांचा बदलता ०३३२ २०९ १५०. हेलाच्या डबीवर ४आरए असेल तर साधा, ४आरडी असेल तर बदलता. गिऱ्हाईक फोनवर ही अक्षरं वाचून दाखवतं तेव्हा मला त्याला चहा पाजावासा वाटतो.

आता डायोडची गोष्ट, थोडक्यात. कॉइलचा करंट तुटला की तिच्यातून उलटा झटका येतो. क्षणभरच, पण शंभर व्होल्टच्या पुढेही जाऊ शकतो, आणि गाडीत कॉम्प्युटर असेल तर त्याला तो मानवत नाही. म्हणून काही रिलेंमध्ये कॉइलच्या शेजारी डायोड नाहीतर रेझिस्टर बसवलेला असतो. आकृतीत डायोड म्हणजे त्रिकोण आणि आडवी रेघ, रेझिस्टर म्हणजे बारीकशी चौकट. नुसत्या कॉइलला उलटसुलट काही कळत नाही, ८५ वर पॉझिटिव्ह द्या नाहीतर ८६ वर. डायोडला कळतं. एका जुन्या गाडीत हॉर्न दाबला की फ्यूज जायचा. मालकानं हॉर्न बदलला, वायरिंग तपासून घेतलं, फ्यूज तर डझनानं आणले. सगळं सुरू झालं होतं रिले बदलल्यापासून, आणि "रिले तर नवाकोरा आहे" म्हणून त्याच्यावर संशय घ्यायला कुणी तयार नव्हतं. जुना बिनडायोडचा होता, नवा डायोडवाला आणि त्या गाडीची कॉइलची वायर नेमकी उलटी. बटण दाबलं की करंट कॉइल सोडून सरळ डायोडमधून अर्थला. बिनडायोडचा रिले बसवला, हॉर्न वाजला.

यापेक्षा लबाड दुखणं म्हणजे ड्राय सोल्डर. यात रिले जळत नाही, काळा पडत नाही, पॉइंट शाबूत, कॉइल शाबूत. फक्त मूड असेल तेव्हा चालतो.

होंडाच्या नव्वदच्या दशकातल्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डच्या पोटात मेन रिले असतो. एकाच डबीत दोन रिले, एक इंजिनाच्या कॉम्प्युटरला करंट देणारा आणि एक पेट्रोलपंपाला. त्या घराण्यातली भारतातली पहिली सिटी १९९८ ची. तशा एका सिटीचे मालक मे महिन्यात दुकानात आले, वैतागून. गाडी सकाळी एका सेल्फला सुरू होते, दुपारी उन्हात दोन तास उभी केली की मेली. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. मग संध्याकाळी, कुणी हात न लावता, पुन्हा एका सेल्फला सुरू. पुतणीच्या लग्नात कार्यालयाबाहेर सगळं वऱ्हाड गेलं तरी हे काका-काकू गाडी थंड व्हायची वाट बघत मांडवाच्या कनाती सोडणाऱ्यांशी गप्पा मारत बसले होते. तोवर गाडीची बॅटरी बदलून झाली होती, प्लग बदलून झाले होते, पेट्रोलपंपही नवा. एका मेकॅनिकनं पेट्रोलमध्ये कचरा असल्याचं निदान करून टाकी धुतली होती.

मी एकच विचारलं, "किल्ली ऑनला घेतली की मागच्या सीटखालून दोन सेकंद हूं असा आवाज येतो का?" काकांना माहीत नव्हतं. काकूंना होतं. "सकाळी येतो. त्या दिवशी लग्नात नव्हता आला." निदान काकूंनीच केलं म्हणायचं.

पण दुपारचं दुखणं सकाळच्या गारव्यात दाखवायचं कसं? डॅशखालचं कव्हर उतरवलं आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणून रिलेवर धरला. डबी हाताला चटका देण्याइतकी तापली, किल्ली फिरवली, मागे शांतता. ओल्या फडक्यानं डबी गार केली, किल्ली फिरवली, हूं. काकांनी तो प्रयोग स्वतःच्या हातानं परत करून पाहिला. मग डबी बाहेर काढून पातळ पेचकसानं तिचं कव्हर चारी बाजूंनी उकललं, आतली प्लेट उलटी केली आणि घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून त्यांना दाखवलं. सोल्डरच्या चकचकीत टेकडीच्या मधोमध पिनेचं टोक, आणि टोकाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ. तेवढीच भेग. वर्षानुवर्षं तापणं, गार होणं, हादरे; पिनेचं तांबं एका प्रमाणात फुगतं, प्लेट दुसऱ्या, मधल्या सोल्डरची फरपट. ऊन लागलं की भेग उघडते, गार झालं की मिटते. जुना सोल्डर ओढून काढला, पिना खरवडल्या, नवा डाग दिला. दोन पिनांचा दोष दिसला तरी डाग सगळ्याच पिनांना द्यायचा. आज एकीला भेग आहे, पुढच्या मेमध्ये शेजारणीला पडणार.

या आजाराचे रुग्ण मोठ्या घरांतही आहेत. ऐंशीच्या दशकातल्या मर्सिडीज डब्ल्यू १२४ मध्ये बॅटरीमागे ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शनचा रिले असतो, डोक्यावर झाकणाखाली छोटा फ्यूज घेऊन बसलेला. फ्यूज ठणठणीत दिसतो म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि आतल्या भेगेपायी एबीएसचा दिवा लागतो, आयडलिंग डुचमळतं, मालकाला एबीएसच्या युनिटचं कोटेशन मिळतं. फोक्सवॅगन समूहाच्या १.९ टीडीआय डिझेल गाड्यांमधला १०९ नंबरचा रिले तसलाच. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवल्या गेलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या जुन्या मालकांपुढे नुसतं '१०९' म्हणा, चेहरा बघा. चालता चालता इंजिन बंद, बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू.

रिले तपासण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण यात शिकलेसवरलेलेही फसतात. बोट ठेवलं, टक झालं, म्हणजे रिले चांगला, असं नसतं. टक म्हणजे पट्टी हलली. पॉइंटवर काजळी धरली असेल तर पट्टी हलून उपयोग काय? मीटर लावला तरी ८७ वर बारा व्होल्ट दिसतात, कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही आणि काजळीतून तेवढा झिरपतो. म्हणून आमच्याकडे टेस्ट लॅम्प असतो तो ब्रेकलाइटच्या २१ वॉटच्या बल्बचा, होल्डरला दोन वायरी. तो लावला की रिलेला पावणेदोन अँपिअर ओढून दाखवावे लागतात. बल्ब पिवळा, मरतुकडा लागला की पॉइंट गेले. मीटरवर बारा व्होल्ट आणि बल्ब मेणबत्तीसारखा, हे दृश्य नव्या पोराला एकदा दाखवलं की तो पुढे नुसत्या मीटरवर विश्वास ठेवत नाही. आणि हे सगळं करण्याआधी फुकटातली युक्ती: त्याच फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, बहुतेक वेळा हॉर्नचा, तर त्यांची अदलाबदल करून बघायची. हॉर्न बंद पडला आणि पंप सुरू झाला, तर कुणाकडे जायची गरज नाही.

या धंद्यातला मला सर्वांत न आवडणारा शब्द 'डायरेक्ट'. रिले मिळत नाही ना, मग ३० आणि ८७ मध्ये वायरचा तुकडा खोचायचा, गाडी सुरू. हायवेवर रात्री अडकलात, लेकरंबाळं बरोबर आहेत, तर करा बापडे, घरी पोहोचा. पण कित्येक गाड्या तशाच वर्षभर फिरतात. पेट्रोलपंपाचा रिले नुसता पंप सुरू करायला नसतो. इंजिन बंद पडलं की कॉम्प्युटर त्याच रिलेमार्फत पंप थांबवतो. गाडी ठोकली, पेट्रोलची पाइप फाटली आणि पंप डायरेक्ट असेल, तर तो बॅटरी संपेपर्यंत रस्त्यावर पेट्रोल ओतत राहील. असा तुकडा सापडला की मी आधी तो काढतो, मग गाडीची तक्रार विचारतो. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे.

आता मिळवायचं कुठून. पुण्यात नाना पेठ आधी पालथी घालायची. तिथल्या जुन्या दुकानदारांकडे मागच्या खोलीत, खोक्यांच्या तळाशी, बंद पडलेल्या गाड्यांचा माल अजून निघतो. फक्त खोकं उपसायला त्यांचा मूड लागतो, आणि मूडला सॅम्पल लागतं. बुधवारी-रविवारी जुना बाजार. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, त्यामुळे तिच्या सामानाची जाण असलेली माणसं तिथं एके काळी गल्लोगल्ली होती. त्यापलीकडे दिल्लीचं काश्मिरी गेट आणि चेन्नईचं पुदुपेट; तिकडे फोटो पाठवायचा तो पायांचा आणि आकृतीचा, गाडीचा नाही. लोक गाडीचा पाठवतात, धुऊनपुसून, समोरून.

भंगारातून घेताना उस्तादांचा नेम होता: रिले एकटा घ्यायचा नाही, कपलरसकट आणि वीतभर वायरसकट कापून घ्यायचा. रिले सहसा एकटा जळत नाही. सॉकेटातली पितळी जिभली सैल पडते, सैल जोडावर उष्णता होते, तीच वर चढून रिलेला मारते. नवा रिले त्याच सैल जिभलीत खोचला की तोही त्याच वाटेनं जाणार, आणि मग लोक म्हणणार, हल्ली माल चांगला येत नाही. कापून आणलेला कपलर जोडला की प्रश्न मुळातून मिटतो. शिवाय कुठल्या पायावर कोणत्या रंगाची वायर होती हेही आयतं कळतं.

पाय हिरवे दिसले तर घेऊ नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर बुडालेल्या गाड्यांचे रिले घासूनपुसून हातात यायचे. बाहेरून चकचकीत, पण पाय जिथं डबीत शिरतात तिथं हिरवी कडा राहायचीच. नवा माल घेतानाही एक लोहचुंबक खिशात असावं. पाय तांब्या-पितळेचे असतील तर चुंबकाला दाद देत नाहीत. चिकटले तर समजायचं, मुलामा दिलेलं लोखंड आहे. डबीवर '४० अँपिअर' छापलेलं असेल, छापायला काय जातं!

व्होल्टचा आकडाही वाचावा, हे सांगायला लागू नये, पण लागतं. ट्रकचा २४ व्होल्टचा रिले त्याच मापाचा, त्याच पायांचा असतो. एका गाडीत कुणीतरी तो बसवून दिला होता. इंजिन सुरू असताना अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या वर देतो, तेव्हा गार सकाळी तो कसाबसा ओढायचा. कॉइल तापली की तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, मग सोडून द्यायचा. मालक चार गॅरेजं फिरले. डबीवर ठळक २४ लिहिलेलं होतं, फक्त तो मजकूर भिंतीकडे तोंड करून होता.

आणि कुठंच काही मिळालं नाही तर लॅमिंग्टन रोड. अनेक गाड्यांच्या खास डब्या उघडल्या की आत छापील प्लेटवर रिलेचा एक साधा ठोकळा सोल्डर केलेला निघतो, आणि त्या ठोकळ्यावर त्याचा स्वतःचा नंबर असतो. पायांचं अंतर, कॉइलचे व्होल्ट आणि पॉइंटची ताकद जुळली की तसला ठोकळा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळून जातो. जुना उकलायचा, नवा डाग देऊन बसवायचा, डबी बंद. बाहेरून कंपनीचं नाव तसंच. विलायती पार्टची महिनोन्‌महिने वाट बघणाऱ्या मालकाला ही शस्त्रक्रिया आधी हलकी वाटते. त्यासाठीसुद्धा जुनी डबी लागतेच, हे काही मी पुन्हा सांगत नाही.

जुनी डबी न टाकल्याचा फायदा मला एकदा भलत्याच ठिकाणी झाला. गोरेगावच्या फिल्मसिटीत जुन्या काळातल्या एका सिनेमाचं शूटिंग होतं, त्यात पद्मिनी. जुन्या गाड्या सेटवर हमखास रुसतात म्हणून गाडी पुरवणाऱ्यानं मला बरोबर नेलं होतं. दृश्य असं: गाडी वळणावर थांबलेली, इंडिकेटर सुरू, आत नवरा-बायको भांडतायत. आवाज तिथंच रेकॉर्ड होणार होता. टेक सुरू झाला आणि साउंडवाल्यानं हेडफोन काढून हात वर केला. प्रत्येक वाक्यावर टक, टक, टक. जुना फ्लॅशर, धातूच्या डबीतला, आतली पट्टी तापून हलणारा. डॅशबोर्डचा पत्रा त्याला साथ देत होता. दिग्दर्शक म्हणाले, इंडिकेटर हवाच. साउंडवाला म्हणाला, टकटक नकोच.

माझ्या पेटीत इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर होता, आवाज न करणारा, एलईडी बल्बसाठी हल्ली मिळतो तसला. पाय जुळवून तो लावला. इंडिकेटर मुकाट मिचकायला लागला, भांडण निर्विघ्न पार पडलं. जुना फ्लॅशर बॉनेटवर पडला होता. एक पोऱ्या तो उचलून म्हणाला, "भाऊ, हे कचऱ्यात टाकू?" मी खिशात घातला. सवयीनं.

पुढे काही आठवड्यांनी त्याच साउंडवाल्याचा फोन. पडद्यावर इंडिकेटर मिचकतोय आणि आवाज नाही, ते दृश्य मेल्यासारखं वाटतंय. टकटक हवी. लायब्ररीतले आवाज लावून पाहिले, पण ते आजच्या गाड्यांचे. आजच्या बऱ्याच गाड्यांत तो आवाज रिलेचा नसतोच, स्पीकरमधून सोडलेला असतो. फ्लॅशर घेऊन स्टुडिओत गेलो. त्यांनी एक बल्ब जोडून ठेवला होता, त्यावर तो धड चालेना, लय चुकायला लागली. त्याला पुरता लोड लागतो, पुढचा एक आणि मागचा एक, दोन्ही २१ वॉटचे. बाजारातून बल्ब मागवले, बॅटरी मागवली, फ्लॅशर पत्र्याच्या एका तुकड्यावर स्क्रूनं आवळला, कारण नुसत्या डबीला तो भरदार आवाज येईना. मग पंधरा मिनिटं काचेपलीकडे सगळे श्वास रोखून आणि अलीकडे मी, पद्मिनीचा फ्लॅशर टकटकतोय.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा प्रॉडक्शनच्या अकाउंटंटनं व्हाउचरबुक काढलं आणि विचारलं, "कामाचं स्वरूप काय लिहू?" साउंडवाला माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी अकाउंटंटनंच मार्ग काढला. लिहिलं, "टकटक, एक नग", आणि सही घेतली.